उधाण, भांग आणि अंगण

2011च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या 8 लाख 9 हजार 378 भरली. त्याआधी वीस वर्षं, 1991 साली, ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती. या आकड्यात मीरा रोडच्या शांती नगरच्या सातव्या मजल्यावरचा हिरे-कामगार आहे आणि उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबलाची जोडी लावणारी मावशीही आहे. दोघंही एकाच महापालिकेचे नागरिक, दोघांच्याही दाराशी त्याच पालिकेची घरपट्टी येते. पण भाईंदर पश्चिमेच्या स्टेशनाबाहेरून उत्तनची बस पकडली, की मुर्धा, राई, मोर्वा असं करत जाणारा रस्ता अर्ध्या-पाऊण तासात माणसाला दुसऱ्याच घड्याळात नेऊन सोडतो. आधी मिठागरं आणि तिवरं, मग भातखाचरांच्या उरल्यासुरल्या पट्ट्या, मग धारावी देवीचं मंदिर, पुढे उतारावर कौलं आणि त्यामागे समुद्र.

जुन्या कागदांत या भागाला धारावी बेट म्हणतात. मुंबईच्या पोटातली धारावी वेगळी. गोराई, मनोरी, उत्तन, पाली, चौक, डोंगरी, तारोडी अशी गावं या बेटावर वसली. पोर्तुगीजांविरुद्धच्या वसई मोहिमेत, 1739 साली, चिमाजी अप्पांच्या मराठा फौजेने हे नाकं ताब्यात घेतलं. चौकला उभं राहिलं की त्याचं कारण लगेच कळतं, कारण समोर खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो. पोर्तुगीज गेले, चर्च राहिली, आणि कोळी, आगरी, ईस्ट इंडियन अशी सगळी वस्ती राहिली. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव तसं अलीकडचं. 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, इथल्या मूळ ख्रिस्ती समाजाने ते घेतलं. घरात बोली मराठी, मिस्सा (चर्चमधली उपासना) मराठीत, आणि लग्नात उंबराचं पाणी आणायला बँड लावून विहिरीवर जायचं. मीरा-भाईंदर नगरपालिका 1985 साली झाली, उत्तनसारख्या ग्रामपंचायती तिच्यात 1990च्या सुमाराला आल्या आणि 28 फेब्रुवारी 2002 रोजी महानगरपालिका झाली. कागदोपत्री गाव संपलं ते असं, टप्प्याटप्प्याने. घरात मात्र ते कुठे संपलं आणि कुठे नाही, हे पाहायचं तर समुद्राच्या पाण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

उत्तन, पाली, चौक इथली बरीचशी मासेमारी डोल जाळ्याची. डोल म्हणजे लांबलचक निमुळती पिशवी. ती समुद्रात खुंटांना बांधून ठेवायची आणि भरती-ओहोटीच्या ओढीने जे आत येईल ते घ्यायचं. म्हणजे मासा पकडायचं काम होडी करत नाही, पाणी करतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला जोर असतो, ते उधाण. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावतं, तो भांग. उधाणात बोंबील, मांदेली, करंदी, जवळा भरभरून येतो आणि घरात कोणाला कोणाशी बोलायला फुरसत नसते. तांडेल (होडीचा प्रमुख) आणि खलाशी पाण्याच्या वेळेप्रमाणे जातात, मग ती पहाटेची तीनची असो की दुपारची दोनची. बायका बंदरावर वाट पाहतात, मासळी निवडतात, विकायची आणि सुकवायची वेगळी करतात. भांगात सगळं सैल पडतं. जाळी घरी येतात, सुई आणि पट्टी घेऊन म्हातारे ओट्यावर बसतात, साखरपुडे ठरतात, राहिलेली भांडणं उकरली जातात.

शहरात शनिवार-रविवार जसा येतो, तसा इथे दर पंधरवड्याला भांग येतो. ख्रिस्ती घरांत रविवारही आहेच. मिस्सा चुकवायची नाही म्हणून होड्या सहसा किनाऱ्यावर राहतात. पण पोरांना क्रिकेटच्या स्पर्धा, बायकांना नातेवाइकांकडे जाणं, पुरुषांना पत्ते आणि कॅरम यांची खरी सोय भांगातच. कॉलेजात जाणारी, अंधेरीला नोकरी करणारी नवी पिढी या पाण्याच्या घड्याळातून बाहेर पडली आहे. तिची सुट्टी आणि बापाची सुट्टी जुळली, तर तो योग. अशा दिवशी घरात मटण होतं, कारण मासळीचा कंटाळा कोळ्यालाही येतो. (बाहेरच्यांना हे पटत नाही. मलाही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थट्टाच वाटली होती.)

छंद म्हणून वेगळं काही विचारायला गेलं तर इथली मोठी माणसं जरा गोंधळतात. मासेमारी सोडलेला आजोबा संध्याकाळी खांद्यावर पाग टाकून खाडीच्या तोंडाशी जातो. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या. ते हवेत पूर्ण गोल उघडून पाण्यावर पडायला हवं. मनगटाची, कमरेची आणि दातांची (जाळ्याची एक कड दातात धरावी लागते) अशी तीन कामं एका क्षणात जुळावी लागतात. मिळतात चार बोयटं, त्यातही दोन बोटभर. आयुष्यभर ज्याने होडीभर मासळी उतरवली, त्याला चार बोयटांचं काय? पण तो रोज जातो. सून म्हणते की घरात बसून टीव्हीचा आवाज वाढवण्यापेक्षा बरं. पोरं तिवरांच्या चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या शोधतात, खडकावर बसून गरीला करंदीचा तुकडा लावतात. बायका ओहोटीला कालवं फोडायला उतरतात. तेही पोटासाठी, गप्पांसाठी आणि मोकळ्या हवेसाठी, यातलं पहिलं कुठलं हे त्यांनाच ठाऊक. घरखर्चातला थोडा वाटा उचलून वर आनंदही देतं, असं काम इथे पुष्कळ आहे. म्हणून ‘नुसता छंद’ दाखवा म्हटलं तर हाताला लागत नाही.

बँड मात्र नि:संशय छंद. ईस्ट इंडियन गावांत ब्रास बँड ही जुनी गोष्ट. ट्रंपेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, मोठा ढोल. दिवसा कोणी वेल्डर, कोणी रिक्षावाला, कोणी बँकेत, आणि लग्नाच्या मोसमात सगळे पांढऱ्या शर्टात. वाद्य घरातच शिकायचं, काकाकडून किंवा शेजाऱ्याकडून. क्लॅरिनेटचा सराव करणाऱ्या पोराचं घर गल्लीला न सांगता कळतं. सराव करायला जागा कुठली? अंगण. पावसात ओटा. दुसरा छंद हाउजीचा. चर्चच्या सणाला मंडपात खुर्च्या लागल्या, की तिकिटं विकत फिरणारी पोरं आणि माइकवरून आकडे ओरडणारा निवेदक यांच्यापुढे कुठलाही नाट्यप्रयोग फिका. सत्तर वर्षांच्या आजीला चष्मा घातल्यावरही वर्तमानपत्र दिसत नाही, पण हाउजीच्या तिकिटावरचा आकडा दिसतो.

आता अंगणाकडे येऊ, कारण सगळं शेवटी तिथेच येऊन टेकतं.

ऑक्टोबर सरता सरता पाऊस थांबला की वलांड्या उभ्या राहतात. बांबूंचे उंच सांगाडे, त्यावर आडव्या ताणलेल्या दोऱ्या. बोंबलाच्या अंगात पाणीच जास्त, आणि जबडा असा की दोन बोंबील एकमेकांच्या तोंडात अडकवले की जोडी आपोआप दोरीवर बसते. गाठ नको, चिमटा नको. हजारो जोड्या लावायच्या त्या हाताने, एकेक. ऊन आणि वारा नीट मिळाला तर तीन-चार दिवसांत सुका बोंबील तयार. हे काम बायकांचं. त्याचा पैसाही बहुतेक बायकांच्या हाती. पावसाळ्यात, 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, घर चालतं ते या सुक्या मासळीवर. 2019च्या ऑक्टोबर अखेरीस ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ ही वादळं अरबी समुद्रात आली, अवकाळी पाऊस पडला, तेव्हा किनारपट्टीवर वलांड्यांवरचा माल भिजून फेकून द्यावा लागला. बातमी होड्यांची झाली. घरातलं नुकसान अंगणात झालं होतं. 17 मे 2021च्या ‘तौक्ते’च्या वेळीही तेच, फक्त वारा जास्त.

मोठ्या वलांड्या किनाऱ्यावर सामायिक जागेत असतात, पण घरापुढेही एखादी असतेच. तिच्याखाली एक संपूर्ण संसार चालतो. गावठी कोंबड्या खाली पडलेला जवळा टिपतात. कावळे हाकलायला लहान पोरगं काठी घेऊन बसवलेलं असतं. घारी वर घिरट्या घालतात. आणि मांजर. कोळीवाड्यात सुकत्या मासळीशेजारी मांजर पाळतात यावर बाहेरचा माणूस हसेल, पण हिशेब सरळ आहे. बंदीच्या दोन महिन्यांत नायलॉनची जाळी गोळा करून घराच्या माळ्यावर किंवा पडवीत ठेवतात. उंदराने ती कुरतडली तर हजारोंचं नुकसान आणि ऑगस्टच्या तोंडावर दुरुस्तीचा खोळंबा. मांजराने रोज दोन बोंबील खाल्ले तरी ते स्वस्तात पडतं. म्हणून त्याला दूध मिळत नाही, मासळीचं डोकं मिळतं, आणि बाळंतपणाला जाळ्याच्या ढिगातली मऊ जागा. तिथून त्याला कोणी उठवत नाही.

कुत्र्यांचं वेगळं. ते कोणा एकाचे नसतात, गल्लीचे असतात. दुपारी किनाऱ्यावर होडीच्या सावलीत पडलेले, होडी लागली की पाण्याच्या कडेपर्यंत धावत जाणारे. प्रत्येकाचं नाव गल्लीभर माहीत. अनोळखी माणसावर भुंकायचं, ओळखीच्यावर नाही, आणि पोस्टमनवर दोन्ही. 2025च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांबद्दल आधी कडक आदेश दिला, मग तो सौम्य करून नसबंदी आणि लस देऊन कुत्री त्याच जागी सोडायला सांगितली, आणि खाऊ घालायच्या जागा ठरवायला सांगितल्या. देशभर वाद पेटला. मीरा रोडच्या सोसायट्यांत त्यावरून व्हॉट्सअॅप ग्रुप फुटले. उत्तनच्या गल्लीत खाऊ घालायची जागा कोणी ठरवली नाही, कारण ती मासळी साफ करायच्या दगडाशेजारी आधीपासून आहे. याचा अर्थ इथे सगळं गोड आहे असा नाही. धावगीच्या डोंगरावर शहराचा कचरा येतो, त्या कचऱ्यावर पोसलेली कुत्री टोळीने फिरतात आणि ती कोणाच्याच गल्लीची नसतात. गावातली माणसं दोन्हींत फरक करतात. कुत्री पकडायला आलेल्या गाडीला तो फरक दिसणं अवघड.

या कचऱ्याबद्दल गावाने वर्षानुवर्षं तक्रारी केल्या, मोर्चे काढले. डोंगराला आग लागली की धूर खाली येतो आणि वलांडीवरच्या मासळीला लागतो. घाण पाणी ओढ्यातून शेताकडे उतरतं. शहराने गावाला रस्ता दिला, बस दिली, नळ दिला, हे खरं. बदल्यात काय पाठवलं तेही सांगायलाच हवं.

इथे जरा शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन येतो. त्याच महापालिकेत, पण पूर्वेला, घोडबंदर रस्त्याला लागून चेणे, काजूपाडा असे आदिवासी पाडे आहेत. मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. तिथे पाळीव जनावराचा प्रश्न सूर्य मावळल्यावर सुरू होतो. कोंबड्या आत, शेळी आत, आणि ज्याला कुत्रा जिवापाड आवडतो तो कुत्राही आत, कारण बिबट्याला कुत्रा फार आवडतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडलं, की उद्यानातले सुमारे 35 बिबटे वर्षाला दीड हजारांच्या घरात भटकी कुत्री खात असावेत, आणि त्यामुळे आसपासच्या माणसांना होणारे कुत्र्यांचे चावे कमीच होतात. वारली माणसाला हे शास्त्रज्ञांनी सांगायची गरज नव्हती. तो वाघोबाला मान देतो आणि कुत्र्याला दोरीने पडवीत बांधतो. उत्तनच्या कुत्र्याला हे सांगितलं तर तो होडीखालून उठणार नाही.

परत किनाऱ्यावर. बदकं राहिली.

ईस्ट इंडियन स्वयंपाकात बदकाच्या मोयलीला मान आहे. नाताळाला किंवा घरच्या मोठ्या सणाला ती व्हायला हवी. म्हणून काही घरांत पावसाळ्याच्या आसपास बदकाची पिल्लं आणतात आणि अंगणात वाढवतात. पोरं त्यांची नावं ठेवतात. हीच चूक. डिसेंबरचा तिसरा आठवडा आला की घरात एक गुप्त बैठक होते, त्यात आई, आजी आणि सुरी असते. पोरांना मामाकडे पाठवलं जातं. पंचविसाव्या तारखेला ताटात काय आहे याबद्दल कोणी बोलत नाही, आणि एखादी पोरगी त्या दिवशी फक्त फुगे (तळलेले गोल पाव) आणि लोणचं खाऊन उठते. पुढच्या वर्षी पुन्हा पिल्लं येतात, पुन्हा नावं पडतात. प्रेम आणि जेवण यांच्यातली ही ओढाताण गावात लपवता येत नाही. शहरात मांस प्लास्टिकच्या ट्रेमध्ये येतं आणि माया दुसऱ्या दुकानातून, पट्टा आणि बिस्किटांसकट. माझ्या मते गावातली पोरगी जास्त शिकते, आणि तिला त्याचं दुःखही जास्त होतं. डुकरंही पूर्वी घरोघर असत, नाताळच्या इंद्यालसाठी आणि सोरपोतेलसाठी. आता दोन घरांत जेमतेम गल्ली उरली, शेजाऱ्याची खिडकी आली. डुकराचं मांस बाजारातून येतं.

एप्रिल-मे हा मसाल्याचा. बाटली मसाला इथल्या घराची ओळख. काश्मिरी आणि रेशमपट्टी मिरची, धने, हळद, तीळ, खसखस, गहू, हरभरा, त्यात नागकेसर, दगडफूल, मायपत्री आणि तिरफळ अशी पंचवीसेक जिनसांची यादी. प्रत्येक घराची वेगळी आणि प्रत्येकाची खरी. मिरची अंगणात चटईवर वाळवायची, भाजायची, कुटायची आणि तपकिरी बिअरच्या बाटलीत काठीने ठासून भरायची, की वर्षभर उजेड लागत नाही. पूर्वी घरोघर फिरून मसाला कुटणाऱ्या बायका यायच्या, मुसळांचा ताल गल्लीभर घुमायचा. आता बहुतेक गिरणीत. पण वाळवण अंगणातच, कारण गिरणीवाला ओली मिरची घेत नाही.

तर बोंबील, मिरची, कोंबड्या, बदकं, जाळी, क्लॅरिनेट, क्रिकेट, उंबराच्या पाण्याची मिरवणूक, लग्नाचा मंडप, हे सगळं पाच-सहाशे चौरस फुटांच्या एका मोकळ्या जागेवर पाळीपाळीने उभं आहे. गावातलं कुटुंब हे घरात राहतं असं आपण समजतो. इथे ते अर्धं घरात आणि अर्धं अंगणात राहतं, आणि कागदावर फक्त पहिल्या अर्ध्याची नोंद आहे. गावठाणाच्या मोजणीत घराच्या भिंती येतात. किनाऱ्यावरची सुकवणीची जागा कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली, तरी ती अनेकदा ‘सरकारी पडीक’ असते. जानेवारी 2019च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनंतर किनारा व्यवस्थापनाचे नवे नकाशे झाले, तेव्हा कोळीवाडे, जाळी विणायच्या जागा, सुकवणीची खळी त्यांत नीट दाखवा, ही राज्यातल्या मच्छीमार संघटनांची मागणी होती. ती भावनेची मागणी नाही. वलांडीची जागा गेली तर जूनचा किराणा गेला.

आणि जागेवर डोळा सगळ्यांचाच आहे. मेट्रो-9ची कारशेड आधी राई, मुर्धा, मोर्व्याच्या शेतांवर ठरली. तिथल्या लोकांनी विरोध केला. मग ती डोंगरीकडे सरकली आणि दहा हजारांहून अधिक झाडं तोडायचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा डोंगरी-उत्तनची माणसं रस्त्यावर आली. उत्तन-विरार सागरी सेतू नकाशावर आहे. डोलीचे खुंट जिथे रोवतात त्याच पाण्यातून तो जाणार, म्हणून मच्छीमारांचा त्यालाही विरोध. मेट्रो हवी का, असं उत्तनच्या तरुणाला विचारलं तर तो हवी म्हणतो, कारण भाईंदरच्या बसमध्ये लोंबकळत त्याचा दिवस उगवतो. त्याचे वडील त्याच वाक्यावर उठून आत जातात. दोघांचंही बरोबर आहे, आणि जेवायला दोघं एकाच टेबलावर बसतात.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा, मग त्या घरोघर दारावर लावायच्या. स्वतःचं शेत असलेली घरं आता थोडी. लोंब्या कुठून तरी आणाव्या लागतात. तरी लुगडी नेसून बायका येतात, बँड लागतो, नंतर जेवण आणि हाउजी. यात कोणी फार हळहळत नाही, कारण हळहळायला वेळ नसतो. पाठोपाठ वलांड्या उभारायच्या असतात.

पालीकडच्या एका घरात कौलं उतरवून दोन मजले चढवले. खाली गाडी ठेवायची म्हणून अंगणाला फरशी बसली. मुलाची नोकरी मालाडला, परत यायला रात्र होते, तेव्हा गाडी त्याला लागते. आजीने एकच अट घातली आणि ती मान्य झाली, की बोंबील गच्चीवर लागतील. गच्चीवर वारा खालच्यापेक्षा चांगला लागतो, घाणही लागत नाही. मांजराने दोन दिवसांत जिना पाठ केला. कोंबड्या मात्र विकाव्या लागल्या. आता ओल्या बोंबलाची करंडी डोक्यावर घेऊन दोन जिने चढायचे कोणी, सुनेने की मुलाने, यावर त्या घरात उधाण तोंडावर आलं तरी एकमत झालेलं नाही.